मांजराची माती

[दृश्य: पाऊस. कौलांवरून पडणाऱ्या धारा. सपरीच्या उंबऱ्यावर मांजर, पुढचा एक पंजा उचललेला.]

आषाढ लागला की या गावाच्या अंगणांचं काय होतं ते बघा. वर्धा जिल्हा, हिंगणघाटकडचा भाग, भारी काळी जमीन. दोन पाऊस झाले की ती पायाला धरते. माणूस चप्पल हातात घेतो, बैल दमानं पाय टाकतो आणि मांजर उंबऱ्यावरच अडतं. आत येतं, पुन्हा दाराशी जातं. त्याला जागा हवी आहे. कोरडी, भुसभुशीत, पंजानं उकरता येईल अशी. उन्हाळाभर अशी जागा सगळ्या शिवारात होती. आता कुठेच नाही.

[दृश्य: कोठा. कुटाराचा ढीग. आजी वरचा थर हातानं बाजूला करतात.]

आजी: "पावसात बाहीर जात नाई थे. मंग या कुटारात घान करते. गाय तोंड नाई लावत मंग त्याले."

सोयाबीनचं, तुरीचं हे कुटार म्हणजे गुरांची पावसाळ्यातली बेगमी. ते खराब झालं की राग मांजरावर निघतो. आणि मग पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून येणं.

[दृश्य: रस्त्याच्या कडेला पुलाखाली भिजलेलं मांजर. निवेदन नाही. फक्त पावसाचा आवाज.]

[दृश्य: पडवीच्या कोपऱ्यात महिन्याभराचं पिल्लू सांडलेली माती उकरतं.]

या पिल्लाला कुणी शिकवलेलं नाही. साधारण चार आठवड्यांचं झालं की पिल्लू मोकळी माती दिसताच उकरायला लागतं. घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातलं रानटी मांजर. माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे हे आलं. सायप्रस बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं आहे, सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं. या घराच्या माजघरात तुरीची पोती रचली आहेत आणि त्यांवर मनी झोपली आहे. नातं तेच आहे. आणि घाण मातीत पुरायची सवयही तिच्या अंगात तेव्हापासूनचीच आहे. ती कुटारात जाते कारण सगळ्या घरात तेवढंच एक उकरता येतं.

म्हणजे प्रश्न मांजराच्या स्वभावाचा नाही. तिला घरात काय उकरायला द्यायचं, एवढाच आहे.

[दृश्य: नागपूरहून आणलेली पिशवी. कात्रीनं कोपरा कापला जातो. राखाडी दाणे घमेल्यात पडतात.]

शहरात याचं उत्तर पिशवीत मिळतं. मांजराची माती, इंग्रजीत कॅट लिटर. या पिशवीची गोष्ट १९४७ ची आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाचा तरुण वडिलांच्या धंद्यात होता. कारखान्यांत सांडलेलं तेल टिपायचा माल ते विकायचे. जानेवारीच्या थंडीत एक शेजारीण मांजरासाठी रेती मागायला आली. लोनं तिला रेतीऐवजी भाजलेल्या चिकणमातीचे दाणे दिले. ही माती म्हणजे फुलर्स अर्थ, आपल्या घराघरांत चेहऱ्याला लावतात त्या मुलतानी मातीच्या कुळातली. शेजारणीला ती इतकी आवडली की ती पुन्हा मागायला आली. लोनं पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या आणि ६५ सेंटला एक विकायला दुकानात ठेवायचं ठरवलं. रेती जवळजवळ फुकट मिळत असताना माती कोण विकत घेणार, अशी दुकानदाराला शंका. तेव्हा लो म्हणाला, फुकट वाटून टाक. ज्यांनी फुकट नेली, ते पुढे पैसे देऊन न्यायला आले.

ती माती ओल टिपायची, पण गोळा धरायची नाही. गोळा धरणारी माती १९८० च्या दशकात आली, बेंटोनाइटची. ओल लागली की दाणे फुगतात, एकमेकांना धरतात आणि घट्ट गोळा तयार होतो. तेवढा गोळा उचलायचा, बाकीची माती कोरडीच राहते. आपल्याकडे बेंटोनाइट कच्छमध्ये आणि राजस्थानात बाडमेरकडे निघतं. मांजरांनाही बहुतेक वेळा हीच जास्त मानवते, कारण दाणा बारीक असतो आणि पंजाखाली मऊ लागतो.

[दृश्य: उन्हाळ्यातलं चित्रण. रिकामं कपाशीचं शेत. हात आत जाईल एवढ्या भेगा. कॅमेरा भेगेवरून सावकाश सरकतो.]

आता ही भेग नीट बघा. बेंटोनाइटमध्ये जो मुख्य खनिज घटक असतो, मॉन्टमोरिलोनाइट, तो ज्या गटातला आहे त्याच गटाची खनिजं या मातीत भरलेली आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखींचा लाव्हा थरांवर थर पसरला, त्याचा बेसाल्ट झाला, बेसाल्ट झिजून ही काळी माती झाली. देशाच्या मातीचे नकाशे करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था आपल्या नागपुरातच आहे. तिच्या नकाशांत विदर्भाच्या मोठ्या पट्ट्यावर हीच फुगणारी, आकसणारी माती दिसते. या खनिजाचे पापुद्रे असतात. पाणी पापुद्र्यांच्या मधे शिरतं, माती फुगते. पाणी गेलं की आकसते आणि जमीन उकलते. उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात पायाला धरणारा चिखल, दोन्ही यामुळेच. आणि मांजराच्या घमेल्यात गोळा बसतो तोही यामुळेच.

आपली काळी माती पिशवीतल्या मातीच्या तोडीची नाही. जास्त फुगणारं बेंटोनाइट सोडियमचं असतं, आपल्या काळ्या मातीत मुख्यतः कॅल्शियम. म्हणून आपली कमी फुगते, गोळा तितका पक्का होत नाही आणि ओली झाली की पंजाला चिकटते. पण पिशवी घ्यायला नागपूर गाठावं लागतं आणि एका मांजराला दर महिन्याला काही किलो लागते. हा खर्च ज्या घराला झेपत नाही, त्या घराच्या मांजरानं पावसात पुलाखाली जावं का?

[दृश्य: पडवीत ओळीनं पाच घमेली. आजींची नात प्रत्येकात पेलाभर पाणी ओतते.]

नात: "आजी, हे घमेलं घेऊ का?"
आजी: "घे ना माय. फुटकंच हाय थे."

पहिल्या घमेल्यात नदीची रेती. पाणी सरळ तळाशी गेलं. वर कोरडं, खाली ओलं. मांजराला रेती उकरायला आवडते, पण मूत तळाला साचतं आणि दोन दिवसांत अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. शिवाय रेतीघाटांवरून येणारी रेती आता स्वस्तही राहिलेली नाही.

दुसऱ्यात धानाचं तूस.

[दृश्य: तुमसरकडची राईस मिल. पाइपमधून उडणारं सोनेरी तूस, डोंगराएवढा ढीग, उन्हाची तिरीप.]

भंडारा, गोंदियाकडे याचे असे ढीग असतात. दिसतं सुंदर, पण या टरफलात सिलिका भरपूर असते, त्यामुळे ते पाणी पटकन पीत नाही. हलकं आहे, मांजरानं दोनदा उकरलं की घरभर.

तिसऱ्यात आरा मशीनवरचा भुसा. ओल चांगली टिपतो, वासही दाबतो. फक्त सागाचा नको. सागाच्या भुशानं अंगाला खाज सुटते, हे मशीनवर काम करणारी माणसं सांगतात. आडजात लाकडाचा, जाडसर, भुकटी काढून टाकलेला घ्या. प्लायवुडचा किंवा पॉलिश केलेल्या लाकडाचा बिलकुल नको. पऱ्हाटीच्या कांड्यांचंही तेच. कपाशीवर काय काय फवारलंय ते आपल्याला ठाऊक असतं. मांजर पंजे चाटून साफ करतं, म्हणून घमेल्यात जे घालाल ते तिच्या पोटात जाणार. चुलीची राख याच कारणानं नको. ओली झाली की ती तिखट क्षारी होते, पंजे आणि जीभ दोन्ही भाजते.

चौथ्यात पिशवीची माती. पाचव्यात आपली काळी, चाळलेली. दोन्हींत पाण्याचा गोळा झाला. पिशवीचा एका खुरप्यात अख्खा उचलला गेला. काळ्या मातीचा उचलताना कडेनं थोडा फुटला.

[दृश्य: मनी येते. रेतीचा वास घेते, पुढे जाते. तुसात एक पंजा टाकते, झटकते. काळ्या मातीशी थांबते. उकरते.]

इथे आपलं मत चालत नाही. दुसऱ्या घरातलं मांजर भुसा निवडेल, तिसऱ्या घरातलं रेती. दोन-तीन प्रकार शेजारी शेजारी ठेवा आणि ते कुठे जातं ते बघा. सुगंधी माती मात्र घेऊ नका. तो वास माणसासाठी असतो. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तेज, ते त्या वासापासून पळतं आणि पुन्हा कुटारातच जातं.

[दृश्य: मोगरीनं ढेकळं फोडणं. दोन चाळण्या. उन्हात पत्र्यावर पसरलेली माती.]

काळी माती तयार करायची रीत नीट बघा, सगळं यावर आहे. फवारणी होणाऱ्या शेताची घ्यायची नाही. घराजवळच्या पडीक जागेची घ्यायची, वरचा काडीकचरा खरवडून. मोगरीनं फोडायची. आधी जाड चाळणीनं चाळायची, खडे वर राहतात. मग जे खाली पडलं ते पिठाच्या चाळणीनं चाळायचं. या वेळी खाली पडते ती धूळ टाकून द्यायची आणि चाळणीत राहतात ते दाणे ठेवायचे, जाड रव्याएवढे. धूळ राहिली तर मांजर शिंकतं, पंजे भरतात. दाणे पत्र्यावर पसरून कडक उन्हात वाळवायचे. चिकटपणा कमी करायचा असेल तर चार वाटे मातीत एक वाटा बारीक रेती मिसळा. आजींनी तसंच केलं.

आजी: "आता पाय भरत नाई तिचे. पयले गादीवर ठसे उमटत."

[दृश्य: घमेल्यात माती ओतली जाते. बोटांनी खोली मोजणारा हात.]

तीन-चार बोटं खोल पुरे. भांडं मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी हवं, म्हणजे त्याला आत वळता येतं. पिल्लाला किंवा म्हाताऱ्या मांजराला काठ उतरता हवा, तेलाचा पिपा आडवा कापला तरी चालतो. पिल्लू लहान आहे तोवर गोळा धरणारी माती टाळा, ते माती तोंडात घालतं. दोन मांजरं असतील तर भांडी तीन. जागा शांत, खाण्याच्या वाटीपासून लांब.

[दृश्य: खुरप्यानं गोळा काढणं. साबणानं हात धुणं.]

रोजच्या रोज काढायचं. टॉक्सोप्लाझ्माचा जंतू मांजराच्या विष्ठेतून येतो आणि एक ते पाच दिवसांत बाधा करण्याजोगा होतो. गरोदर बाईनं हे काम करू नये, आणि अशी विष्ठा चाऱ्यात गेली तर शेळ्या गाभडतात. बोका वारंवार बसतो आणि लघवी होत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, नाहीतर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. उशीर केला तर जीव जातो.

[दृश्य: भांडं उपडं करून धुणं. फिनाईलची बाटली बाजूला सारणारा हात.]

भांडं साबण आणि गरम पाण्यानं धुवायचं, उन्हात सुकवायचं. फिनाईल वापरायचं नाही. त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. काढलेली घाण विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून लांब, खड्ड्यात पुरायची.

[दृश्य: माजघर. फळीवर रचलेली मातीची दोन पोती. नात तोंड बांधते.]

ही माती पावसाळ्यात मिळत नाही. मे महिन्यातच खणायची, चाळायची, वाळवायची. एका मांजराला पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढी भरून ठेवायची. पोतं थेट जमिनीवर ठेवायचं नाही, खालून ओल धरतं. लाकडी फळीवर ठेवायचं, आणि नवी माती एकदम न बदलता जुन्यात थोडी थोडी मिसळत न्यायची.