तीनशेला भागायचं

[दृश्य : शहापूर, सकाळ. अर्धं वर केलेलं शटर. आत भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेला आकडा.]

भिंतीवर एवढंच लिहिलंय : ३०० ÷. पुढची जागा मोकळी सोडलीय.

हे बेळगाव. गावाचा हा भाग शहापूर, आणि हे अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. नवीन गिऱ्हाईक भिंतीकडं बघून विचारतं, "अण्णा, हे काय?" अण्णा सोल्डरवरून नजर न काढता उलटा प्रश्न टाकतात, "तुला कुठलं स्टेशन पाहिजे सांग."

सांगली पाहिजे? सांगलीचा आकडा १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे १.२५१ मेगाहर्ट्झ. तीनशेला त्यानं भागा. २३९.८ मीटर. धारवाड पाहिजे? ७६५ किलोहर्ट्झ. पुन्हा भागा. ३९२.२ मीटर. आमच्या पिढीला हे आकडे पाढ्यांसारखे पाठ आहेत, कारण निवेदक रोज सकाळी ते सांगायचे. पण ते येतात कुठून, हे आम्हाला या भिंतीनं शिकवलं. रेडिओची लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. ती सेकंदाला किती वेळा हेलकावते, त्यानं भागलं की एका हेलकाव्याची लांबी निघते. मेगाहर्ट्झमध्ये आकडा घेतला तर वरची सगळी शून्यं कापली जातात आणि उरतात तीनशे.

मी विणकराचा मुलगा. माझं लहानपण वडगावात गेलं. आमच्या घरात खड्डामाग होता. वडील कमरेएवढ्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि डोक्याच्या वर फळीवर रेडिओ असायचा. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि वर नाट्यगीत. साडी हातभर पुढं सरकली की तेवढ्यात एखाद्या केंद्राचा एक कार्यक्रम संपलेला असायचा. त्या फळीवरच्या रेडिओपासून आज माझ्या घराच्या गच्चीवर जे काही चाललंय तिथपर्यंतची ही गोष्ट आहे. मला वाटतं, अँटेनाचं वेड आमच्या भागात शौकानं आलं नाही, गरजेनं आलं.

[दृश्य : नकाशा. बेळगाव मध्यभागी. तीन दिशांना तीन ठिपके.]

नकाशा बघा. सांगली बेळगावच्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला, हवाई अंतरानं साधारण ११० किलोमीटर. धारवाड आग्नेयेला, सत्तरच्या आसपास. पणजी घाटाखाली नैर्ऋत्येला, ऐंशीच्या आसपास. मराठी, कन्नड, कोकणी. तीन दिशांनी तीन भाषा येतात आणि आमच्या घरावर भेटतात.

धारवाडचं केंद्र १९५० सालचं. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. सांगलीचं केंद्र सुरू झालं १९६३ साली. शहापूर तर संस्थानी काळात सांगलीकर पटवर्धनांचंच होतं, त्यामुळं इथल्या म्हाताऱ्यांना सांगलीचा आवाज परका कधीच वाटला नाही. घरात मराठी, बाजारात दोन्ही, कचेरीत कन्नड, असं ज्यांचं आयुष्य होतं त्यांना स्वतःच्या भाषेतलं नाटक, कीर्तन, शेतीच्या गप्पा ऐकायच्या तर सुई उत्तरेकडच्या केंद्रावर आणावी लागायची.

धारवाडचं ऋणही तेवढंच मोठं आहे. मल्लिकार्जुन मन्सूर त्या केंद्राचे संगीत सल्लागार होते. कुमार गंधर्व तर आमच्या सुळेभावीचे, बेळगाव तालुक्यातले. वडिलांना कन्नड बातम्या अर्ध्याच कळायच्या, पण धारवाडहून ख्याल लागला की माग थांबायचा. पोटाचं काम थांबवून माणूस गाणं ऐकतो, हे मी पहिल्यांदा तिथं पाहिलं.

[दृश्य : अण्णांच्या हातात उघडा ट्रान्झिस्टर. काळी कांडी, तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे.]

ही फेराइटची कांडी. पेटीच्या वरच्या कडेला आडवी बसवलेली असते. मीडियम वेव्हची अँटेना म्हणजे हीच. बाहेर ओढायची चकचकीत दांडी शॉर्टवेव्ह आणि एफएमसाठी. पुष्कळ लोक आयुष्यभर ती दांडी ओढून सांगली शोधत बसले.

या कांडीचा स्वभाव असा की तिच्या बाजूंकडून येणारी लहर ती भरभरून घेते आणि टोकाकडून येणारी जवळजवळ सोडून देते. म्हणून सांगलीसाठी पेटी पूर्व-पश्चिम ठेवायची. पण खरी गंमत पणजीची. पणजी १२८७ वर आणि सांगली १२५१ वर. मधे फक्त ३६ किलोहर्ट्झ. मीडियम वेव्हवर केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवलेली असतात, म्हणजे ही दोघं मधे तीनच घरं सोडून शेजारी. स्वस्तातल्या पेटीत स्टेशनं वेगळी काढणारी चाळणी ढिली असायची. सांगलीच्या गाण्यात पणजीचं कोकणी मिसळायचं.

माझ्या वयाच्या दहाव्या वर्षी अण्णांनी मला यावरचा उपाय दाखवला. "सांगली बघूच नको. पणजी मार." पेटीचं टोक नैर्ऋत्येकडं केलं, जरा पश्चिमेला झुकवून. पणजी विहिरीत पडल्यासारखी गेली. सांगली उरली, आवाज एक षष्ठांशानं कमी, पण स्वच्छ. आज मी ती भूमिती कागदावर मांडू शकतो : पणजी कांडीच्या रेषेत येते, सांगली तिच्याशी साधारण ५७ अंशांचा कोन करते, आणि ५७ अंशांचं साइन ०.८४. अण्णांना साइन माहीत नाही. त्यांनी हा कोन कानानं काढला होता.

डायलची दोरी तुटली की अख्ख्या घराचं तोंड उतरायचं. दोरी घालणं सोपं वाटतं, पण स्टेशन बदलणाऱ्या गँग कंडेन्सरच्या मोठ्या चाकाला आणि बटणाच्या दांडीला किती वेढे द्यायचे आणि कुठल्या बाजूनं, हे चुकलं तर सुई उलटी पळते. अण्णा दोरीला मेण लावतात, दातात एक टोक धरतात आणि स्प्रिंग ताणून अडकवतात. अडीच वेढे. तिसरा पुरा झाला की बटण जड फिरतं.

[दृश्य : रात्र. गल्ली अंधारात. खिडकीतून रेडिओचा आवाज.]

मीडियम वेव्ह आता मुख्यतः मारली जाते ती घरातूनच. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, टीव्हीची पेटी, इन्व्हर्टर. या सगळ्यांत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून वापरतात आणि तो खरखराट मीडियम वेव्हच्या पट्ट्यावर सांडतो. म्हणून आमच्याकडं एक गोष्ट घडते, ती ज्यानं ऐकली नाही त्याला पटत नाही. लाइट गेली, की रेडिओ उजळतो. सेलवर चालणारी पेटी लावा, सगळी गल्ली काळोखात असू दे, आणि जी केंद्रं दिवसभर नुसती कुजबुजत होती ती बोलायला लागतात. त्यात सूर्य मावळलेला असला तर दुधात साखर. दिवसा जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा एक थर या लहरी गिळतो. रात्री तो विरतो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. लाइट गेली की शेजारी मेणबत्ती शोधतात आणि आमच्या घरात सगळे रेडिओकडं धावतात.

[दृश्य : दुकानाच्या टेबलावर लॅपटॉप. शेजारी पेनड्राइव्हएवढा काळा तुकडा.]

आता या तुकड्याबद्दल सांगतो. हा मूळचा युरोपात लॅपटॉपवर टीव्ही बघण्यासाठी बनलेला डोंगल. आत रिअलटेकची आरटीएल२८३२यू नावाची चिप. २०१२ साली हौशी लोकांच्या लक्षात आलं की ही चिप हवेतून पकडलेला कच्चा माल, सेकंदाला चोवीस लाख नमुने, जसाच्या तसा संगणकाला देऊ शकते. मग चाळणी, भोंगा, डायल, सगळं सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. काही हजारांच्या या तुकड्यानं साधारण २४ मेगाहर्ट्झपासून १७६६ मेगाहर्ट्झपर्यंतचं जग उघडलं. प्रयोगशाळेतलं यंत्र पोराटोरांच्या खिशात आलं. गेल्या पंधरा वर्षांत हौशी माणसाच्या हाती आलेली याच्याइतकी मोठी वस्तू मला दुसरी दाखवता येणार नाही.

मी उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये काम करतो. पहिल्या पगारवाढीत डोंगल घेतला आणि सरळ अण्णांकडं आलो. पडद्यावर निळा धबधबा वाहायला लागला. प्रत्येक स्टेशन एक पिवळी धार. अण्णांनी चष्मा पुसला, परत घातला. आयुष्यभर त्यांनी एका वेळी एकच स्टेशन ऐकलं होतं, सुई जिथं असेल तेवढंच. इथं एफएमचा शेजारपाजार एकदम दिसत होता. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे डायलच उलगडून ठेवलाय की गा."

विमानं दाखवली. सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारं विमान आपली जागा, उंची, वेग १०९० मेगाहर्ट्झवर स्वतःच सांगत येतं. तीनशे भागिले १०९०, साडेसत्तावीस सेंटिमीटर. त्याचा चौथा हिस्सा, बोटाएवढी तार. अण्णांनी तोंडी हिशेब केला आणि तार कापून माझ्या हातात दिली.

पण आम्ही खरे अडकलो उपग्रहांत. नोआ १५, १८ आणि १९, अमेरिकेचे हवामान उपग्रह. साधारण साडेआठशे किलोमीटर उंचीवरून जाताना ते खालच्या पृथ्वीचं चित्र साध्या आवाजात पाठवायचे, सेकंदाला दोन ओळी, घड्याळासारखा टिक-टॉक नाद. हा नाद रेकॉर्ड करायचा आणि सॉफ्टवेअरला द्यायचा, की ढग दिसतात.

अँटेना आम्हीच केली. १३७.५ मेगाहर्ट्झ. तीनशेला भागलं, २.१८ मीटर. चौथा हिस्सा साडेचोपन्न सेंटिमीटर. धातूची कांडी हिशेबापेक्षा किंचित आखूड लागते, म्हणून ५३.४. अशा दोन कांड्या, मधे १२० अंशांचा कोन, जमिनीला समांतर. अॅल्युमिनियमच्या नळ्या मिळाल्या माळ्यावर पडलेल्या दूरदर्शनच्या जुन्या अँटेनातून. मी हौसेनं केबलला सोल्डर लावायला गेलो. तासभर झगडलो, डाग धरेचना, कथील पाऱ्यासारखं ओघळून पडायचं. अण्णा म्हणाले, "अॅल्युमिनियमला कुठं डाग बसतो? भोक पाड, स्क्रू मार." टीव्हीच्या अँटेनाला नेहमी स्क्रूच का असतो हे मला तेव्हा समजलं.

पहिलं चित्र आलं ते जूनमध्ये. ओळीमागून ओळ. आधी नुसती खसखस, मग समुद्राचा काळा पट्टा, मग किनारा, आणि किनाऱ्याला घट्ट चिकटून पांढऱ्या ढगांची भिंत : सह्याद्री अडवून धरतोय तो पाऊस. त्या भिंतीच्या पूर्वेला ढग फाटलेले. आंबोलीला धो धो आणि अथणीला कोरडं, हे आम्ही जन्मभर ऐकत आलो. त्या दिवशी वरून पाहिलं. चित्रावर देशांच्या, राज्यांच्या रेषा काढायची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती. रेषांखाली ढगांची कड झाकली जात होती, म्हणून आम्ही ती बंद केली.

[दृश्य : गच्ची. दोन कांड्यांची अँटेना, मागं वाळत घातलेली साडी.]

२०२५ सालच्या जून ते ऑगस्टमध्ये तिन्ही उपग्रह एकामागून एक बंद केले गेले. नोआ १५ तर १९९८ साली सोडलेला, सत्तावीस वर्षांचा. ज्यांनी त्यांचा नाद गच्चीवर उभं राहून ऐकला होता, त्यांना ते घरातलं कुणी गेल्यासारखं लागलं. मलाही. आता रशियाचे मेटिओर आहेत, १३७.९ वर. चित्र डिजिटल, जास्त बारीक, पण नाद नाही. कानाला नुसती खसखस. अण्णांना हे आवडलेलं नाही. कानाला कळत नाही ते रेडिओ कसलं, म्हणतात.

अंतराळ स्थानक मात्र त्यांच्या मर्जीतलं. १४५.८ मेगाहर्ट्झ, साधं एफएम, माणसाचा आवाज. २०२५च्या जुलैत भारताचे अंतराळवीर शुभांशू शुक्ला तिथून हॅम, म्हणजे हौशी लोकांच्या, रेडिओवर बोलले, तेव्हापासून आमच्या गल्लीतली पोरं हॅमच्या परवान्याची चौकशी करायला लागलीत. ऐकण्यापलीकडं जाऊन बोलायचं असेल तर परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. बारा वर्षं पूर्ण झाली की बसता येतं. पास झालं की व्हीयू२ किंवा व्हीयू३ नं सुरू होणारं स्वतःचं नाव मिळतं.

दोन पोरं काल दुकानात आली. एक सातवीतला, मराठी शाळेचा. दुसरा त्याचा मित्र, कन्नड शाळेचा. भिंतीकडं बघून त्यांनी विचारलं, हे काय. अण्णांनी सोल्डर खाली ठेवला, खडू दिला आणि म्हणाले, "कुठलं पाहिजे ते लिहा." त्यांनी आपसात कन्नडमध्ये काही ठरवलं आणि ३०० च्या पुढं १३७.९ लिहिलं. भागाकार कागदावर केला. एकदा चुकला, परत केला.

त्यांना चार कांड्या पाहिजेत. उद्यमबागेत दुपारी जेवणाची सुट्टी होते, तेव्हा कापून आणतो. व्हर्नियर लावून, ५३.४.