दंडावरची देवीची खूण आणि एमपॉक्स

नमस्कार श्रोतेहो. घरात पन्नाशी ओलांडलेलं कोणी असेल तर लहानपणी देवी काढल्याची खूण त्यांच्या हातावर असेल. (बीसीजीची खूण वेगळी, तिच्याशी गल्लत नको.) एमपॉक्स, म्हणजे पूर्वीचा मंकीपॉक्स, याचा विषाणू देवीच्या विषाणूचा भाऊबंद. म्हणून ती जुनी लस आजही त्याला थोडीफार अडवते. पण 1980 साली जगातून देवी हटल्याचं जाहीर झालं, लस थांबली आणि पुढच्या पिढ्यांना ती मिळालीच नाही. माणसाला एमपॉक्स झाल्याची पहिली नोंद 1970 ची, काँगोतल्या नऊ महिन्यांच्या बाळाची.

भारतात पहिला रुग्ण जुलै 2022 मध्ये केरळात सापडला. सप्टेंबर 2024 मध्ये तिथेच विषाणूचा दुसरा, नवा उपप्रकार आढळला. दोघंही संयुक्त अरब अमिरातींतून परतलेले. आपल्या रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांचा कर्ता माणूस आखातात असतो, म्हणून हे सांगतोय. त्यात आखाताचा दोष नाही. माणसं जातात-येतात, त्यांच्यासोबत आजारही येतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं एमपॉक्ससाठी जाहीर केलेली जागतिक आरोग्य आणीबाणी सप्टेंबर 2025 मध्ये मागे घेतली. आजार मात्र संपलेला नाही.

लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांच्या आत लक्षणं दिसतात. ताप, अंगदुखी, मानेला किंवा जांघेत अवधाण (म्हणजे सुजलेल्या गाठी) आणि पुरळ. कांजिण्यांत सहसा असं अवधाण येत नाही. पुरळ चेहऱ्यावर, तळहातावर येतं, कधी फक्त गुप्तांगावर किंवा गुदद्वाराजवळ येतं. खरी अडचण इथेच आहे. माणूस लाजतो, कुणाला दाखवत नाही, मेडिकलमधून मलम आणून लावतो. तोवर घरच्यांना लागण होऊ शकते, कारण हा आजार मुख्यतः अंगाला अंग लागून पसरतो: शरीरसंबंधातून, फोडांच्या स्पर्शातून, रुग्णाच्या टॉवेल-चादरीतून. निरोध वापरावा, पण बाकी अंगावरच्या फोडांपुढे तो काय करणार? पुरळ असेपर्यंत संबंध नकोच. डॉक्टरांना लाज सोडून सांगा, आणि कुठून प्रवास करून आलात तेही सांगा. फोडातला नमुना घेऊन पीसीआर तपासणी होते. खपल्या पडून खाली नवी कातडी येईपर्यंत वेगळं राहायचं. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा एचआयव्हीसह जगणारं कोणी असेल तर जास्तच जपा, त्यांना हा आजार जड जाऊ शकतो.

आता लस. सरसकट सगळ्यांनी टोचून घ्यायची ही लस नव्हे, आणि आपल्याकडच्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. जास्त वापरली जाते ती एमव्हीए-बीएन. तिच्यातला विषाणू माणसाच्या शरीरात वाढू शकत नाही. दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतरानं. रुग्णाशी जवळून संपर्क आलेले, अनेक जोडीदार असलेले आणि असे रुग्ण हाताळणारे आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी ती प्रामुख्यानं आहे. संपर्कानंतर चार दिवसांच्या आत मिळाली तर उत्तम, लक्षणं नसतील तर चौदा दिवसांपर्यंतही देतात. तुमचं माणूस परदेशात असेल आणि या गटात मोडत असेल, तर तिथल्या आरोग्य केंद्रात लसीची चौकशी करायला सांगा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं ही लस इथे बनवण्यासाठी 2024 मध्ये मूळ डॅनिश कंपनीशी करार केला आहे.

आणि गावात कोणाला हा आजार झालाच, तर त्याच्या घराला वाळीत टाकू नका. जेवणाचा डबा दाराशी ठेवल्यानं कोणालाही लागण होत नाही. नमस्कार.