तळव्याची गाठ पुन्हा पुन्हा का येते? परसातल्या कोंबड्यांचं बंबलफूट

मंडळी, औषधाच्या नावापासून सुरुवात करत नाही, कारण बंबलफूट, म्हणजे कोंबडीच्या तळव्यात जंतू शिरून होणारी गाठ, या दुखण्यात बहुतेकांचं घोडं औषधापाशीच अडतं. कोंबडी लंगडते, उचलून पाहिलं तर तळव्याच्या मधोमध काळी खपली आणि भोवती सूज. मग मलम, आठवड्याने दुसरं मलम, त्यानंतर माणसांच्या कॅप्सूलची पूड पिण्याच्या पाण्यात. गाठ मात्र वाढतच जाते. औषध चुकलं असं वाटतं, पण दोष बहुधा दुसरीकडे असतो.

हे दुखणं करणारा जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो कोंबडीच्या अंगावर, तुसात, खुराड्याच्या लाकडावर एरवीही असतोच. तळव्याची कातडी शाबूत असेल तर त्याला आत वाव मिळत नाही. बांबूचं कुसळ, जाळीची तार, जांभ्याचा खडबडीत चिरा, नाहीतर ओल्या तुसाने मऊ पडलेली कातडी, असं काहीतरी त्याला वाट करून देतं.

पुढचा भाग नीट लक्षात घ्या. आपल्याला किंवा गाईला गळू झालं तर पू पातळ होतो, फुटून वाहून जातो. पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी एन्झाइम्स फार कमी असतात, त्यामुळे त्यांचा पू पनीरच्या तुकड्यासारखा घट्ट होऊन बसतो. दाबून तो निघत नाही. जोरात दाबलात तर जंतू आजूबाजूच्या मांसात आणि कंडऱ्यांच्या आवरणात पसरतात. या घट्ट गोळ्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणजे रक्तातून येणारं अँटिबायोटिकही त्याच्या आत पोचत नाही. वरून कोंबडी दिवसभर त्याच जखमेवर उभी. गोळा आत आहे आणि वर भार आहे तोवर औषध बदलून काही होणार नाही.

उपचाराआधी दुखणं हेच आहे का ते पाहा. उजेडात दोन्ही पाय तपासा, कारण एका पायाने लंगडणारी कोंबडी सगळा भार दुसऱ्यावर टाकते आणि काही दिवसांत तोही सुजतो. पायाच्या नळीवरचे खवले उचललेले, पांढरट भुकटी धरलेली असतील तर ती खवल्यांखालच्या किडीची लागण. तिचा इलाज वेगळा. तळव्यासोबत ढोपरासारखा दिसणारा वरचा सांधाही गरम आणि सुजलेला असेल, किंवा एकाच वेळी चार-पाच कोंबड्या लंगडत असतील, तर मायकोप्लाझ्मा या सांधे सुजवणाऱ्या जंतूची शंका घ्यावी. तरुण कोंबडी एक पाय पुढे, एक मागे टाकून पडली असेल आणि तळवे स्वच्छ असतील, तर मरेक्स हा नसांवरचा विषाणूजन्य रोग डोक्यात ठेवा. बोटाला केस किंवा सुतळी आवळली आहे का, हेही पाहून घ्या. परसात हे वाटतं त्यापेक्षा जास्त घडतं.

तळवा नुसता लाल, गुळगुळीत झालेला आहे किंवा लहानशी खपली आहे पण खाली कडक गाठ लागत नाही, इथवरचं घरी बरं होतं. कोंबडीला टॉवेलात गुंडाळा, पण छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड हललं तरच श्वास चालतो. घट्ट धरल्याने उपचार चालू असतानाच कोंबडी गुदमरते. हातमोजे घाला, हा जंतू माणसाच्या जखमेतही शिरतो. 1 लिटर कोमट पाण्यात 1 मोठा चमचा एप्सम सॉल्ट विरघळवून पाय 10 मिनिटं बुडवा. ते पाणी तिला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. मग स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडा करा. 5 टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन 1 भाग आणि उकळून गार केलेलं पाणी 9 भाग, असं करून जखम धुवा. मूळ बाटलीतलं तसंच रोज ओतलं, किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस काढत बसलं, तर नवी येणारी कातडीही जळते. हळद-तेलाचा लेप मला पट्टीखाली नको वाटतो: ओल धरतो, आणि पिवळेपणात लाली वाढली की कमी झाली हे दिसत नाही. रॉकेल आणि चुना तर पायाच्या जवळही नेऊ नका.

आता पट्टी. जखमेवर न चिकटणारी जाळीची पट्टी ठेवा. तिच्यावर अर्धा सेंटिमीटर जाडीच्या स्पंजची चकती, मधोमध जखमेएवढं भोक पाडलेली. म्हणजे भार कडेच्या निरोगी भागावर येतो आणि जखम अधांतरी राहते. या चकतीशिवाय बांधलेली पट्टी म्हणजे निव्वळ झाकण. वरून स्वतःलाच चिकटणारं, सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदीचं बँडेज बोटांच्या प्रत्येक फटीतून एकेकदा काढून नळीवर दोन वेढे द्या. ताणून गुंडाळू नका. तासाभराने बोटं पाहा. गार, निळसर किंवा फुगलेली असतील तर लगेच सोडा. पट्टी पहिल्या आठवड्यात रोज बदला, नंतर दोन दिवसांआड. भिजली तर वेळ न पाहता बदला. कोंबडी उडी मारणार नाही अशा जागी, जाड कोरड्या तुसावर ठेवा. दर आठवड्याला शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, नुसत्या नजरेला सूज कमी झाल्याचा भास होतो.

खपलीखाली वाटाण्याएवढी किंवा मोठी कडक गाठ लागली, की पशुवैद्यकीय दवाखाना. ब्लेडने घरी खपली उचकटण्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागू नका. तळव्यातून बोटं वळवणाऱ्या कंडऱ्या जातात. एक तुटली तरी पकड कायमची जाऊ शकते. भूल देण्याचं लिग्नोकेन पक्ष्याला थोडं जास्त झालं तरी झटके येतात. डॉक्टर गोळा पूर्ण काढतात, पोकळी धुतात, गरज पडल्यास पू तपासून कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल ते ठरवतात. गोळ्याचा तुकडा आत राहिला तर महिनाभरात गाठ परत. हाडापर्यंत गेलेलं दुखणं असेल तर बरं होण्याची आशा थोडी, हे डॉक्टरांनी सांगितलं तर ऐकून घ्या.

वेदनाशामकाचा निर्णयही त्यांचाच. घरातली डायक्लोफेनॅकची गोळी अजिबात नको. गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरू लागली म्हणून 2006 साली भारतात हे औषध जनावरांसाठी बंद झालं, आणि कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते घातकच आहे.

पाय बरा करून रात्री बसायची दांडी तीच ठेवलीत तर सगळं पुन्हा. बारीक गोल बांबूवर रात्रभराचा भार तळव्याच्या एका रेघेवर येतो, आणि पेरांच्या गाठी टोचतात त्या वेगळ्याच. दांडी 4 ते 5 सेंटिमीटर रुंद, वरून सपाट, कडा पॉलिश पेपरने गोल केलेली हवी. वनराज, गिरिराजसारख्या जड कोंबड्यांसाठी उंची 45 सेंटिमीटरच्या आसपास पुरे, वर चढायला तिरकी फळी द्या. झाडावर चढून बसणाऱ्या हलक्या गावठी कोंबडीचं फारसं बिघडत नाही. जड कोंबडी मात्र फरशीवर आदळते. खाली तूस 5 ते 7 सेंटिमीटर. मुठीत आवळून सोडल्यावर गोळा तसाच राहिला तर तूस ओलं आहे, बदला. पाण्याचं भांडं विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवलं की निम्मी ओल कमी होते. पावसाळ्यात कोकणात एवढ्याने भागत नाही, तिथे तूस रोज उलथावंच लागतं.

खाण्यातही एक गोम आहे. नुसत्या तांदळाच्या कणीवर पोसलेल्या कोंबडीला जीवनसत्त्व अ मिळत नाही आणि तळव्याची कातडी कोरडी, भेगाळ होते. पिवळा मका, शेवग्याचा पाला, मेथी यांतून ते मिळतं. उलट दिवसभर मका टाकत राहिलात तर वजन वाढून तळव्यावरच येतं.

उपचार चालू असताना अंडी खावीत का, हाही प्रश्न येतोच. नुसती पट्टी आणि बाहेरून धुणं चालू असेल तर अंडी शिजवून खायला हरकत नाही. अँटिबायोटिक चालू असेल तर नाही. आणि ते थांबवल्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. बलक अंडं घालण्याच्या आधी आठ-दहा दिवस भरत असतो, त्यामुळे औषध थांबल्यावरही त्याचा अंश बलकातून येत राहतो. किती दिवस थांबायचं ते औषधागणिक बदलतं, तो आकडा डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या आणि तोवरची अंडी टाकून द्या, दुसऱ्या कोंबड्यांनाही घालू नका.