मॅक्सवेलच्या दारावरचा पहारेकरी

श्रोतेहो, नमस्कार.

कपातला चहा निवतो. निवलेला चहा खोलीतली उष्णता ओढून घेऊन आपला आपण पुन्हा वाफाळला, असं मात्र कधी होत नाही. उष्णता आपोआप जाते ती गरमाकडून थंडाकडेच. हा उष्मागतिकीचा दुसरा नियम. या नियमाला भोक पाडणारी एक कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी डिसेंबर १८६७ मध्ये आपले मित्र पीटर टेट यांना पत्रातून कळवली.

डोळ्यांपुढे हवेनं भरलेली एक पेटी आणा. मधोमध भिंत, भिंतीत इवलंसं दार. दोन्हीकडचं तापमान सारखंच आहे, पण म्हणून सगळे रेणू एकाच वेगानं धावत नाहीत. काही सुसाट असतात, काही मंद. रेणू सरासरीनं जितके वेगवान, तितकी हवा गरम. दारावर एक पहारेकरी बसवा, ज्याला एकेक रेणू दिसतो. डावीकडून वेगवान रेणू आला की त्यानं दार उघडायचं, उजवीकडून मंद आला की उघडायचं, एरवी बंद. दार सरकवायला जवळजवळ काहीच श्रम नाहीत. तरी हळूहळू उजवी बाजू तापते, डावी गारठते! या तफावतीवर इंजिन चालवलं, तर इंधनाविना काम मिळायला हवं.

मॅक्सवेलना नियम मोडायचा नव्हता. तो असंख्य रेणूंच्या सरासरीवर उभा आहे, हे त्यांना दाखवायचं होतं, आणि मला तर हीच त्यांची मोठी देणगी वाटते. पण कोडं मागे उरलंच: पहारेकऱ्याची फसगत नेमकी कुठे होते?

१९२९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड म्हणाले, रेणूची माहिती मिळवण्यातच किंमत मोजावी लागते. पुढे लिऑन ब्रिल्वँ यांनी दाखवलं, की रेणू दिसायला प्रकाश टाकावा लागतो आणि तिथेच सगळा फायदा खर्ची पडतो. बरीच वर्षं हे उत्तर पुरेसं मानलं गेलं.

खरी मेख निघाली स्मरणात. आयबीएम या संगणक कंपनीतल्या रॉल्फ लँडॉअर यांनी १९६१ मध्ये मांडलं, की माहितीचा एक बिट, म्हणजे 'हो की नाही' एवढी सर्वांत छोटी नोंद, पुसला की ठरावीक किमान उष्णता बाहेर पडतेच. त्यांचेच सहकारी चार्ल्स बेनेट यांनी १९८२ मध्ये हा धागा पहारेकऱ्यापर्यंत नेला. मोजणी तत्त्वतः फुकट करता येते. पण प्रत्येक रेणूची नोंद ठेवता ठेवता पहारेकऱ्याची वही भरते. काम पुढे चालू ठेवायचं तर जुन्या नोंदी पुसायला हव्यात, आणि पुसताना कमावलेलं सगळं परत द्यावं लागतं.

ही किंमत किती? खोलीच्या तापमानाला एका बिटमागे एका ज्यूलचे एकावर एकवीस शून्यं इतके भाग करा आणि त्यातले जेमतेम तीन घ्या. इतकी इवलीशी उष्णता मोजायची कशी? फ्रान्समधल्या लिऑन शहरातल्या शास्त्रज्ञांनी ते २०१२ मध्ये साधलं. काचेचा सुमारे दोन मायक्रोमीटरचा मणी त्यांनी दोन खळगे असलेल्या लेझरच्या सापळ्यात धरला. मणी डाव्या खळग्यात की उजव्या, हा झाला एक बिट. तो सावकाश, आणखी सावकाश पुसत गेल्यावर बाहेर पडणारी उष्णता कमी कमी होत लँडॉअर यांच्या आकड्यापाशी येऊन थांबली.