टेपच्या वरून, सुतळीच्या खालून

टेनिसमधे सर्व्हिस म्हणजे थेट हल्ला. बॅडमिंटनमधे सगळं उलटं, इथे सर्व्हिस खालूनच करावी लागते, शटल वर उचलावंच लागतं, आणि उचललेल्या शटलवर तुटून पडायला समोरचा रॅकेट वर करून उभाच असतो. म्हणून डबल्समधे सर्व्हिस करणारी जोडी पहिल्याच फटक्याला अडचणीत असते.

आपण आहोत सोलापुरात, जुळे सोलापूरच्या एका पत्र्याच्या हॉलमधे. बाहेर मे महिना, पारा चाळिशीच्या वर, आणि आत सगळे पंखे बंद, कारण वाऱ्याने शटल हलतं. पोरं घामाने निथळतायत पण स्मॅश कुणीच मारत नाहीये. नेटच्या वर वीतभर अंतर सोडून एक सुतळी ताणून बांधलीय, टेप (नेटच्या वरच्या काठाची पांढरी पट्टी) आणि सुतळीच्या मधून शटल काढायचं, बास, एवढंच चाललंय कधीपासून. बघायला कंटाळवाणं वाटेल, पण डबल्सच्या किती मॅचेस इथेच जिंकल्या-हरल्या जातात हे खेळणाऱ्याला बरोबर माहितीये.

आता या मुलीचा हात जवळून बघा. शटल पिसांच्या टोकाला अंगठा आणि पहिल्या बोटात हलकंच धरलंय. बॅकहँड ग्रिप, अंगठा दांडीच्या रुंद बाजूवर टेकलेला, मनगट जवळजवळ हलत नाही, रॅकेट कोपरातनं पुढे येते आणि शटल ती उडवत नाही, नुसतं सोडून देते. मागून सर ओरडतायत, "अगं मारू नकोस, ढकल! टेपच्या अलीकडेच त्याची उंची संपली पाहिजे, पलीकडे जाताना उतरायला लागलं पाहिजे!"

हे बोलायला सोपंय. रॅकेट लागते त्या क्षणी अख्खं शटल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली हवं असा नियम आहे, आणि नेटची मधली उंची 1.524 मीटर. म्हणजे शटलला निदान 37-38 सेंटीमीटर चढावंच लागतं, आणि पुढे नेटपासून 1.98 मीटरवरच्या शॉर्ट सर्व्हिस लाइनला तरी पोचावं लागतं. थोडं जास्त चढलं की रिसीव्हर ठोकतो, थोडं कमी पडलं की नेटमधे. टेपला घासून योग्य कोर्टात पडलं तर मात्र चालतं, पुन्हा सर्व्हिस वगैरे काही नाही, रॅली चालू.

हा 1.15 चा नियम 2018 मधे आला. त्याआधी शटल कंबरेच्या खाली हवं असायचं, आणि कंबर म्हणजे सगळ्यात खालच्या बरगडीची पातळी, आता ती बरगडी शर्टाच्या आत कुठे आहे हे लांब खुर्चीत बसलेल्या सर्व्हिस जजने कसं ओळखायचं, त्यावरनं वाद व्हायचेच. व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनसारख्या 1.94 मीटर उंच खेळाडूला नव्या नियमात हात बराच खाली आणावा लागला. माझ्या मते तरी नियम चांगलाय, सगळ्यांना एकच रेघ. 2023 मधे डेन्मार्कच्या मार्कस रिंडशोयची बोटांनी शटलला फिरकी देऊन केलेली सर्व्हिस गाजली, रिसीव्हर हातभर चुकायचे, आणि जागतिक संघटनेने त्याच वर्षी ती थांबवली.

खरी परीक्षा 19-19 ला. तिथे अंगठा आपोआप आवळला जातो, शटल चार बोटं वर जातं आणि संपलं. म्हणून सर पोरांना सर्व्हिसच्या आधी एक श्वास पूर्ण सोडायला लावतात, आणि सर्व्हिस झाली की लगेच रॅकेट वर, कारण तिसरा फटका पुन्हा तुमचाच असतो. मधेच एखादी फ्लिकही हवी, म्हणजे रिसीव्हरच्या डोक्यावरून मागे जाणारी सर्व्हिस, अगदी तीच अ‍ॅक्शन, फक्त शेवटच्या क्षणी अंगठ्याचा झटका. ती पॉइंट देईल न देईल, पण रिसीव्हर पुढे झुकायला घाबरतो आणि पुढची शॉर्ट सर्व्हिस सुखाने जाते. 2022 च्या थॉमस कप या पुरुषांच्या जागतिक सांघिक स्पर्धेच्या फायनलमधे भारताची जोडी सात्विक-चिराग पहिला गेम 18-21 हरून 23-21, 21-19 असे जिंकले, त्या शेवटच्या पॉइंट्सचा व्हिडिओ फक्त सर्व्हिसकडे लक्ष देऊन बघा एकदा.

आणि एक गोष्ट सोलापूरकरांसाठी खास. गरम हवा विरळ असते, त्यामुळे उन्हाळ्यात शटल जास्त लांब जातं, जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत बसलेली सर्व्हिस मे मधे उंच जायला लागते आणि पोरांना वाटतं आपला हात बिघडला. हात नाही, हवा बदलली. इथे उन्हाळ्यात 77 पेक्षा 76 किंवा 75 नंबरचं हळू शटल घेतलेलं बरं. कोरड्या हवेत पिसंही पटापट तुटतात, म्हणून आदल्या दिवशी शटलची नळी थोडा वेळ वाफेवर धरून ठेवतात. मॅचआधी मागच्या लाइनवरून खालून पूर्ण ताकदीने एक शटल मारा, बरोबर वेगाचं असेल तर समोरच्या मागच्या लाइनच्या 53 ते 99 सेंटीमीटर अलीकडे पडेल. त्याच्या पुढे गेलं तर नळी बदलून घ्या, आणि वॉर्मअपमधे स्मॅशच्या आधी दहा-पंधरा सर्व्हिस करून बघा.