अंधारातले सूर्यनमस्कार

नमस्कार श्रोतेहो. टोरांटोत डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य पावणेआठच्या पुढे उगवतो आणि पावणेपाचला मावळतोही. सकाळचा व्यायाम बुडतो तो या अंधारापायी, पांघरुणातच. दोष मात्र आळसाला मिळतो. तेव्हा आधी दिव्याची सोय. खोलीतला दिवा टायमरच्या प्लगला जोडा. उठायच्या 20 मिनिटं आधी लागू द्या. चटई रात्रीच अंथरून ठेवा.

सूर्यनमस्काराला चटईएवढीच जागा पुरते. पहिल्याच दिवशी 25 घालू नका. तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि मग चटई कपाटात जाते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रोज 3, मग दर आठवड्याला एक वाढवा. रथसप्तमीच्या आत 12 होतात. सावकाश घातले तर 12 नमस्कारांना सहा-सात मिनिटं. एखाद्या दिवशी अगदीच जमलं नाही, तर एक घाला आणि कालनिर्णयावर फुली मारा. फुल्यांची रांग तुटू नये असं वाटू लागतं, ते फार कामाचं.

थंडीत स्नायू आखडलेले असतात. पाच मिनिटं घरातच चाला, पहिले दोन नमस्कार गुडघे थोडे वाकवून घाला. गुडघे ताठ ठेवून तळवे टेकवायचा हट्ट कंबरेला भोवतो. मनगट दुखतं ते सगळा भार तळहाताच्या टाचेवर आल्यानं. बोटं फाकवा, अंगठा आणि तर्जनीची मुळं जमिनीवर दाबा. गुबगुबीत कार्पेटवर तळहात रुततो, मनगट आणखी मागे वळतं, तिथं दुखणारच. लाकडी फरशीवर मोजे काढा, मागचा पाय सरकतो. आणि पाय उडी मारून मागे नेऊ नका, एकेक न्या. खालच्या मजल्यावरही माणसं झोपलेली असतात!

आता हिशोब. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो एवढ्यानं भरत नाही. उरलेला चालून भरा: मॉलमध्ये, इमारतीच्या जिन्यावर. डाउनटाउनला नोकरी असेल तर 'पाथ'चे भुयारी रस्ते आहेत, 30 किलोमीटरच्या घरात. जेवणाच्या सुटीत 20 मिनिटं सहज होतात.

एक मात्र लक्षात असू द्या. खिडकीत ऊन आलं म्हणून तिथं नमस्कार घातले, तरी ड जीवनसत्त्व मिळत नाही. त्याला लागणारे किरण काच अडवते. गोळी घ्यायची का आणि किती, हे डॉक्टरांना विचारा.