एक स्टार देऊन पोरगं गेलं, आता ऐकायचं कुणाचं?

नमस्कार सोलापूरकर. आज जरा पोराटोरांच्या विषयावर बोलायचंय, पण आईबापांनी लगेच रेडिओ बंद करू नका, तुमचंही काम आहे यात. विषय असा की हे ऑनलाइन गेम बनवतात ना, त्यांनी खेळणाऱ्यांचं ऐकावं का नाही? पोरांना विचाराल तर म्हणतील, हे काय विचारणं झालं बे, ऐकायलाच पाहिजे. माझं मत थोडं तिरकं आहे. ऐकावं, पण जो ओरडतो तेवढ्याचंच ऐकून भागत नाही, आणि तो मागेल ते जसंच्या तसं द्यायला लागलात तर त्या गेमचं वाटोळं ठरलेलं.

ओरडून काम होतं, हे मात्र खरंय. 2024 च्या फेब्रुवारीत हेलडायव्हर्स 2 नावाचा गेम आला, बनवणारी कंपनी स्वीडनची, विकणारी सोनी. लोक मजेत खेळत होते आणि मे महिन्यात सोनीनं अचानक सांगितलं, कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनी पण आमचं प्लेस्टेशनचं अकाउंट जोडायचं, सक्ती. आता गंमत बघा, कितीतरी देशांत हे अकाउंट उघडायची सोयच नाही, म्हणजे पैसे मोजून घेतलेला गेम त्या लोकांनी काय बघत बसायचा का? मग जी काय बोंबाबोंब झाली, दोन-तीन दिवसांत स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, 2 लाखांच्या वर वाईट रिव्ह्यू पडले आणि 6 मे ला सोनीनं माघार घेतली. इथं प्लेअर शंभर टक्के बरोबर होते, कारण विकत घेताना सौदा एक आणि नंतर अट दुसरी, असं कुणीच ऐकून घेणार नाही, आपल्या नवी पेठेत तर नाहीच नाही. असलंच 2017 ला स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2 या गेमचं झालं होतं, त्यातलं डार्थ व्हेडर हे पात्र घ्यायला गेममधले 60 हजार क्रेडिट लागायचे, लोक खवळले तसे ते 15 हजारांवर आले.

पण सारखं भडका उडाल्यावरच ऐकायचं, ही काय पद्धत झाली? त्यापेक्षा मला ओल्ड स्कूल रुनस्केप या गेमचं आवडतं. इंग्लंडमधल्या जॅगेक्स कंपनीनं 2013 ला लोकांच्या मागणीवरून आपला 2007 सालचा जुना गेम परत सुरू केला, आणि नवीन काही टाकायचं असेल तर आधी प्लेअरांचं मतदान घ्यायचं ठरवलं, 75 टक्के मतं पडली तरच ते गेममध्ये येणार. नंतर ही अट 70 टक्क्यांवर आणली. 2015 ला त्यांनी जहाज चालवायचं स्किल आणायचं म्हटलं, बहुमत होतं तरी 75 ला पोचलं नाही म्हणून बाजूला ठेवलं, आणि 2023 ला परत मत घेतलं तेव्हा कुठं पास झालं. आठ वर्षं गेली मधी! आपल्याकडं एवढा दम कुणाला निघतोय. पण त्यांनी एक हुशारी केलीय, चीटिंग, बॉट (माणसाच्या जागी आपोआप खेळणारे प्रोग्राम) असल्या भानगडींचा बंदोबस्त करायचा असेल तर ते मतदानाची वाट बघत नाहीत, थेट करून टाकतात. बरोबरच आहे, चोर पकडायचा का नाही यावर कसलं मत घेताय?

आता प्लेअरांची चूक पण सांगतो. प्रत्येकाला वाटतं आपली गन अजून पॉवरफुल पाहिजे आणि ज्या गननं आपण मेलो ती कमजोर करा. हे सगळ्यांचं ऐकलं तर उरलं काय? आपल्या अशोक चौकातल्या चादरीवाल्याकडं गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं चादर टोचती, बास, एवढंच म्हणतं, त्याला सुताचा नंबर माहीत नसतो. धागा बदलायचा का वीण, ते विणणाऱ्यानं बघायचं. गेमचं तसंच आहे, टोचतंय हे प्लेअरचं कधी खोटं नसतं, पण उपाय त्याला कळतोच असं नाही.

आणि काही गोष्टी तर प्लेअर कधीच मागणार नाही. बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाईलचा भारतातला अवतार, मधे काही काळ बंद होता आणि 2023 च्या मे महिन्यात परत आला, तेव्हा 18 वर्षांच्या आतल्यांना दिवसाला 3 तास आणि मोठ्यांना 6 तास अशी मर्यादा घालून आला. सांगा, कुठल्या पोरानं ही मागणी केली असती? (आईबाप हसायलेत, मला इथनं कळतंय.)

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. हे जे ऐकणं चाललंय ते सगळं इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं आणि पैसे खर्च करणाऱ्यांचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटली की पोरं कट्ट्यावर बसून गेम लावतात, एकाच स्क्वाडमधी एक तेलुगूत ओरडतोय, एक कन्नडमधी, एक मराठीत, आणि फोन सगळ्यांचे जुने, रॅम कमी. मोठा अपडेट आला की स्टोरेज फुल, लग्नातले फोटो डिलीट करा, मग गेम चालू झाला तर ऐन फाइटमधी हँग. हे पोरगं तक्रार लिहीत बसत नाही, एक स्टार देतं, गेम उडवतं आणि दुसरा घेतं. कंपनीच्या कागदावर त्याचा काहीच आवाज नाही, नुसता एक आकडा कमी झाला. अशांना पण कुणी विचारात घेतलं तर फरक पडतो की, 2019 ला कमी रॅमच्या फोनसाठी पबजी मोबाईल लाइट भारतात आला, तेव्हा ज्यांना मोठा गेम झेपत नव्हता ती पोरं पण खेळायला लागली. पुढं 2020 च्या सप्टेंबरमधी सरकारनं 118 अ‍ॅपवर बंदी घातली त्यात तो पण गेला, ते सोडा. मुद्दा हा की ऐकायचं असेल तर जो बोलत नाही आणि निघून जातो, तो का गेला हे कंपनीनं आपणहून शोधायला पाहिजे. कुठल्या फोनवर गेम बंद पडतो ही माहिती त्यांच्याकडं असतीच की, ती वाचायला इंग्रजी कशाला लागतंय.

आणि पोरांनो, तुम्ही पण जरा हात हलवा. "बकवास गेम, पैसे वाया" असलं लिहून समोरच्याला काय कळणार आहे? फोनचं मॉडेल लिहा, रॅम किती ते लिहा, कुठल्या अपडेटनंतर, कुठल्या मॅपवर, काय करताना अडकलं ते लिहा, जमलं तर स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा. इंग्रजी येत नसेल तर बिनधास्त मराठीत लिहा, ट्रान्सलेट काय, त्यांचं ते करून घेतील.